पहिला तुकडा मशीनला

शोभना : फोन जरा लांब धरा हो. तिला तुमच्या नाकपुड्यांशिवाय काही दिसत नसेल.

अशोक : मग तूच धर. हं उर्वी, परत सांग. किती भरला?

उर्वी : साडेएकोणीस. वीस पाहिजे होता.

अशोक : म्हणजे अर्धा एमएम जास्त खाल्लास.

उर्वी : हो बाबा. बेअरिंग त्याच्यावर बांगडीसारखं फिरतंय. गेला तो शाफ्ट.

शोभना : मला कोणी सांगणार आहे का काय झालं ते? मी रोजच्यासारखी डबा घेऊन दुकानात आले, तर हे फोनवर तुझ्याशी भांडताहेत.

अशोक : भांडत नाहीये.

उर्वी : आई, माझं लसणाचं मशीन आहे ना, गड्डे फोडून पाकळ्या सुट्या करणारं, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट? त्याच्या रोलरचा शाफ्ट काल संध्याकाळी तुटला. मतलब सरळ दोन तुकडे. मी लगेच कॅम्पसच्या वर्कशॉपमध्ये नवा बनवायला घेतला आणि तो पण बिघडवला. आज दोन वाजता परीक्षक मशीन बघायला येणार. आत्ता इथे दहा वाजलेत.

शोभना : दोन म्हणजे आपले साडेपाच. आणि नाही चाललं तर?

उर्वी : तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. आणि कंपनीनं जी नोकरी दिलीय ती सप्टेंबरची आहे, डिग्री हातात असेल तरच. सहा महिने ते कशाला थांबतील माझ्यासाठी? जर्मनीत काय इंजिनिअर कमी आहेत?

शोभना : चार वर्षं घालवलीस तिथे. त्या एका दांडक्यावर अडायचं का सगळं?

अशोक : दांडक्यावरच अडतं. दुसरं कशावर अडणार? उर्वी, तिथे कंप्युटरच्या मशीनवर करून नाही देत कोणी?

उर्वी : सीएनसी सगळ्या शुक्रवारपर्यंत बुक आहेत. कोपऱ्यात एक जुनी हाताची लेथ आहे, तिला कोणी विचारत नाही. मी मागितली तर वर्कशॉपचे ब्रांट साहेब असे बघायला लागले, जशी काय मी बैलगाडी मागितली. बारापर्यंत दिलीय. बारा वाजता तिथे ट्रेनिंगवाले येतात.

अशोक : लोखंड आहे?

उर्वी : एक रॉड उरलाय, पंचवीस एमएमचा. बस एकच.

अशोक : केस बांधलेस?

उर्वी : बाबा.

अशोक : विचारतोय ते सांग.

उर्वी : बांधलेत. त्याच्यावर जाळी, जाळीवर टोपी. चष्मा पण आहे. फोन स्टँडवर लांब ठेवलाय, कानात इयरफोन. बघून घ्या.

अशोक : ठीक आहे. आता काल काय केलंस ते सांग. शेवटच्या कटाच्या आधी किती होता?

उर्वी : साडेवीस. तिथपर्यंत मी टूल आत सरकवायच्या चाकाच्या डायलकडे बघितलंच नाही, थोडं काढायचं, मोजायचं, परत थोडं काढायचं. साडेवीसवर थांबले. अर्धा बाकी होता, म्हणून डायल अर्धा फिरवला आणि कट घेतला. मोजला तर साडेएकोणीस.

अशोक : हात हलला तुझा.

उर्वी : नाही हलला.

अशोक : हलल्याशिवाय एवढा फरक पडेल का? नाहीतर व्हर्नियर वाकडा धरला असशील.

उर्वी : मायक्रोमीटरनं मोजलं. तीन वेळा. बाबा, मी तेच केलं जे तुम्ही करता. अर्धा काढायचा, अर्धा फिरवायचा.

अशोक : मी काय करतो ते तुला काय माहीत?

शोभना : घ्या. तिला नाही तर कोणाला माहीत असणार? सहा वर्षं तुमचा डबा कोण आणून देत होतं? शाळा सुटली की सरळ इथे, आणि त्या दाराबाहेरच्या स्टूलवर. तुमचा रोजचा एकच मंत्र, हा एक जॉब उरकतो, मग जेवतो. ती पोरगी अर्धा-अर्धा तास तुमच्या हाताकडे बघत बसायची.

उर्वी : रेषा मोजायचे मी. डायलवरच्या. तुम्ही किती रेषा फिरवल्या आणि मग मोजून किती बोलले. कधी कधी मी आधीच मनात सांगायचे आणि बरोबर निघायचं.

अशोक : एवढ्या लांबून रेषा दिसायच्या तुला?

उर्वी : जमिनीवरच्या त्या पिवळ्या पट्टीच्या आत कुठे येऊ द्यायचे तुम्ही? लांबूनच बघावं लागायचं.

अशोक : ती पट्टी सगळ्यांसाठी होती.

उर्वी : अनीशसाठी नव्हती. दादाला बाराव्या वर्षी हाताला धरून आत नेलं तुम्ही. तो बोअर व्हायचा, मोबाईल खेळायचा, तरी नेलं. तो आज बँकेत आहे. आणि मी विचारलं की वेणी. वेणी अडकेल, वेणी अडकेल.

अशोक : तुझ्या आजोबांनी मिलमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. एका बाईचे केस मशीनच्या पट्ट्यात गेले. ते मरेपर्यंत सांगायचे. गंमत नाही ती.

उर्वी : गंमत नाही, माहितीये. पण वेणी बांधता येते, बाबा. बस एवढंच होतं. कोणी बांध म्हणालंच नाही.

शोभना : आता ऐकाच. सियागंज बाजारात ते यशवर्धनजी बेअरिंगवाले अजून विचारतात, भाभीजी, बिटिया कंप्युटर में कहाँ तक पहुँची? मी म्हटलं कंप्युटर कुठलं, ती मेकॅनिकल करते. तर म्हणाले, भाईसाहब ने तो कंप्युटर बताया था.

उर्वी : अजून कंप्युटर सांगता? चार वर्षं झाली.

अशोक : पहिल्या वेळी तोंडातून निघालं, मग तेच चाललं. मेकॅनिकल म्हटलं की लोक लगेच विचारतात, मग दुकान पोरगी चालवणार का. काय उत्तर द्यायचं मी? शोभना, ही वेळ आहे का हे काढायची? साडेदहा होत आले तिथे.

शोभना : बरं, नाही काढत. पण तो डबा तिरका धरलाय, खाली ठेवा. वरण सांडेल.

अशोक : उर्वी, ऐक. रॉड चकच्या जबड्यात पकड. मी सांगतो तेवढंच करायचं, तुझं डोकं लावायचं नाही. साडेवीसपर्यंत आण, मग टूल टेकव, डायल शून्यावर घे, आणि अर्धा फिरव. हळू. मी इथे आहे, आज हात हलणार नाही.

उर्वी : नाही.

अशोक : काय नाही?

उर्वी : काल पण मी हेच केलं होतं. तेच परत केलं तर तेच परत होईल. आधी पहिला तुकडा.

अशोक : वेडी झालीस का? एक रॉड आहे तुझ्याकडे. तुकडा कुठनं आणणार? कापलास तर शाफ्ट आखूड पडेल.

उर्वी : कालचा बिघडलेला आहे ना. तसाही कचऱ्यातच जाणार.

अशोक : तो लावायचा, सेंटर करायचा, परत काढायचा, वीस मिनिटं गेली. एवढा वेळ आहे का?

उर्वी : बाबा, नियम कोणाचा आहे?

अशोक : कसला नियम?

शोभना : आता हेही मीच सांगू? नवीन मशीन असो, दुरुस्त होऊन आलेली असो, पहिला तुकडा मशीनला. भंगाराचा तुकडा लावायचा, त्याच्यावर चूक करायची, मशीनचा स्वभाव बघायचा, मग गिऱ्हाईकाचा जॉब. लग्न होऊन आले तेव्हा मामंजी मला पण म्हणाले होते, सूनबाई, पहिली पोळी तव्याला. मला वाटलं टोमणा आहे.

अशोक : मला माहितीये नियम.

उर्वी : मग विसरले कसे?

अशोक : घाबरलो म्हणून विसरलो. झालं समाधान? इथे गिऱ्हाईकाचा शाफ्ट बिघडला तर दुसरा करून देतो. तुझा बिघडला तर काय करून देऊ? मी इथे बसलोय, इंदौरला, परदेशीपुऱ्यात. तिथे हात पोचत नाही माझा.

उर्वी : मी पण घाबरले होते काल. घाईघाईत मी पण सोडला तुकडा. आज नाही सोडणार. लावू?

अशोक : लाव.

शोभना : तोवर दोन घास खाऊन घ्या.

अशोक : खाली नाही उतरणार घास. शोभना, फोन असा धर, हं, डायल दिसू दे. उर्वी, चावी चकमध्ये राहिली नाही ना?

उर्वी : काढली. कालचाच तुकडा, सेंटर केला. आधी एक हलका हात मारते, साफ व्हायला. मोजते. एकोणीस पॉइंट चार. आता टूल जिथे आहे तिथेच, डायल शून्य. अर्धा फिरवते. तुम्ही पण बघा, पन्नास रेषा.

अशोक : पन्नास. बरोबर. चालव. आवाज ऐकू दे जरा. चांगला कापतोय. हात पण कुठे हलत नाहीये.

उर्वी : सांगितलं होतं. थांबवते. मोजू?

अशोक : अठरा पॉइंट नऊ यायला पाहिजे.

उर्वी : अठरा पॉइंट चार.

अशोक : परत मोज.

उर्वी : अठरा चार. बाबा, अर्धा फिरवला आणि एक गेला. बरोब्बर एक. काल पण एकच गेला होता. साडेवीसचा साडेएकोणीस.

शोभना : म्हणजे तिची मशीन बिघडलेली आहे?

उर्वी : नाही आई, थांब. टूल अर्धा एमएम आत जातो, पण जॉब फिरतोय ना, तर चारही बाजूंनी अर्धा-अर्धा निघतो. इकडून अर्धा, तिकडून अर्धा, एकूण एक. हा डायल फक्त एका बाजूचं सांगतो. ही मशीन बरोबर आहे. मग आपली वेगळी कशी काय?

अशोक : आपला डायल आजोबांनी बनवलाय.

उर्वी : काय?

अशोक : मिल बंद झाली तेव्हा लिलावात घेतली होती ही मशीन. डायल फुटलेला होता. नवा मिळेना, तर आजोबांनीच, अच्युतरावांनी, पितळेची रिंग घेतली आणि कानसेनं बसून एकेक रेष कोरली. महिनाभर घरी येऊन मान धरून बसायचे. आणि कोरतानाच हिशोब निम्मा करून ठेवला. जेवढा फिरवाल तेवढाच जॉब कमी होईल. म्हणायचे, कारागिरानं दर वेळी भागाकार कशाला करायचा? मी सोळा वर्षांचा होतो. तेव्हापासून दुसऱ्या लेथला हात नाही लावला मी. मला वाटलं, मतलब वाटलं पण नाही, डोक्यातच नाही आलं. सगळ्या जगाचे डायल असेच असणार.

उर्वी : मग काल माझा हात नव्हता हलला.

अशोक : नाही. तुझा हात बरोबर होता. चूक आपल्या घरची होती.

शोभना : आत्ता तिचे डोळे भरले बघा. उर्वी, चष्म्याच्या आत हात नको घालू, लोखंडाचा चुरा असेल.

उर्वी : नाही घालत. पावणेअकरा झाले. मी आता रॉड लावते. बाबा, एक सांगू?

अशोक : सांग.

उर्वी : आता तुम्ही बोलू नका. मला मोजायचंय.

अशोक : बरं. नाही बोलत.

शोभना : तीस वर्षांत मला हे जमलं नाही.

उर्वी : आई, तू पण.

(बराच वेळ फोनमधून फक्त लेथचा आवाज येत राहतो. इकडे डबा तसाच उघडा.)

उर्वी : एक टोक झालं. वीस पॉइंट शून्य एक. आता दुसरं. साडेवीसवर आलंय. अर्धा काढायचाय, म्हणजे पाव फिरवायचा. त्यातला एक शतांश ठेवायचा, बेअरिंग घट्ट बसायला. तर पंचवीस नाही, साडेचोवीस रेषा. ठीक?

अशोक : मला बोलायची परवानगी आहे का?

उर्वी : आहे.

अशोक : एका दमात नको घेऊस. आधी वीस रेषा, मग मोज, मग उरलेल्या. आणि मोजायच्या आधी जॉब थंड होऊ दे. गरम लोखंड फुगलेलं असतं, खोटं बोलतं.

उर्वी : हे स्टूलवरून नव्हतं दिसलं.

अशोक : स्टूलवरून सगळं दिसत नाही. माझी चूक आहे ती.

उर्वी : वीस घेतल्या. थंड झाला. मोजते. वीस पॉइंट एक. बरोबर. उरलेल्या साडेचार. घेते.

शोभना : मी श्वास घेऊ का?

अशोक : घे, पण हळू.

उर्वी : वीस पॉइंट शून्य एक.

अशोक : परत.

उर्वी : शून्य एक. इकडून पण, तिकडून पण. बाबा, दोन्ही टोकं शून्य एक.

अशोक : बेअरिंग हातानं घालून बघ. नाही गेलं पाहिजे.

उर्वी : नाही जात. कडेवर अडतंय.

अशोक : शाब्बास. आता पाईपचा तुकडा घे, बेअरिंगच्या आतल्या रिंगवर टेकव. बाहेरच्या रिंगवर ठोकलंस तर मधल्या लोखंडी गोळ्या मरतील. हातोडी हलकी. ठोक, मी ऐकतो.

उर्वी : हं.

अशोक : अजून. पोकळ वाजतंय. अजून. अजून. आता बदलला आवाज. बस. बसलं.

उर्वी : दिसत पण नाहीये तुम्हाला. पण खरंच बसलंय, कागद पण जात नाही मधे.

अशोक : दिसायची गरज नाही. जा आता. फोन ठेव, दुसरं बेअरिंग बसव आणि पळ. साडेअकरा झाले असतील तिथे.

शोभना : काहीतरी खाऊन जा ग.

उर्वी : केळं आहे. ठेवते. बाबा, जेवा.

(संध्याकाळी सात. तेच दुकान. फोन पहिल्या रिंगला उचलला जातो.)

अशोक : बोल.

उर्वी : तुम्ही अजून दुकानातच? आई कुठे?

शोभना : इथेच आहे. घरी जाऊन परत आले. घरात बसवेना. सांग आधी.

उर्वी : चाललं.

अशोक : किती वेळ चाललं?

उर्वी : पूर्ण पस्तीस मिनिटं, न थांबता. बेअरिंग गरम पण नाही झालं. दीडशे गड्डे घातले, तुर्की दुकानातून आणलेले. सगळ्या पाकळ्या सुट्या. चार पाकळ्यांना ओरखडा, बस. एका परीक्षकबाईंनी सुट्या झालेल्या पाकळ्या हातात घेऊन एकेक उलटवून बघितली, जशी आई भाजीवाल्याकडे बघते. आणि आख्ख्या बिल्डिंगला लसणाचा वास. वरच्या मजल्यावरून लोक खाली आले, कोण काय शिजवतंय बघायला.

शोभना : आणि मार्क?

उर्वी : एक.

अशोक : एक? दीडशे गड्डे फोडून एक? कितीपैकी?

उर्वी : बाबा, इथे उलटं आहे. एक सगळ्यात वर. त्याच्यावर काही नाहीच. या वर्षी आमच्या बॅचमध्ये दोघांना मिळालाय.

अशोक : सगळ्यात वर.

उर्वी : हो. डिग्री झाली, बाबा. मी इंजिनिअर झाले.

शोभना : अहो, बसा. खाली बसा. उर्वी, हे रडताहेत ग. मी पण रडतेय, पण मी उभी आहे.

अशोक : तो लसणाचा वास आहे.

शोभना : इथे कुठला आलाय लसूण?

अशोक : उर्वी, ते तुझे साहेब, लेथवाले. ते काय म्हणाले?

उर्वी : ब्रांट साहेब सगळं बघत होते सकाळी, मला माहीतच नव्हतं. मशीन थांबल्यावर जवळ आले आणि विचारलं, आधी खराब तुकड्यावर कट का घेतला? हे आमच्या ट्रेनिंगमध्ये नाही. मी म्हटलं, आमच्या दुकानाचा नियम आहे. ते म्हणाले, कुठलं दुकान? मी पूर्ण नाव सांगितलं. अच्युत खराद वर्क्स, परदेशीपुरा, इंदौर. त्यांनी लिहून घेतलं. स्पेलिंग विचारून.

अशोक : आपल्या दुकानाचं नाव?

उर्वी : आपल्या दुकानाचं. तो बिघडलेला तुकडा पण मागत होते, शिकाऊ पोरांना दाखवायला. मी नाही दिला. तुमच्यासाठी बॅगेत टाकलाय.

शोभना : आता हे पण सांगा की तिला. दुपारी कोणाला फोन केला ते.

अशोक : तू सांगू नकोस.

शोभना : मी सांगणारच. तू फोन ठेवलास आणि निकाल यायच्या आधीच यांनी यशवर्धनजींना फोन लावला. म्हणाले, वो मैंने कंप्युटर बोला था ना, गलत बोला था. मेकॅनिकल है. अभी खुद खराद पे शाफ्ट बनाया उसने. पॉइंट शून्य एक में.

उर्वी : निकालाच्या आधी? आणि मशीन बंद पडलं असतं तर?

अशोक : शाफ्ट तर बनलाच होता ना. तो मी कानानं ऐकला होता.

उर्वी : बाबा.

अशोक : हं.

उर्वी : नोकरी एक सप्टेंबरला सुरू होते. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये पंधरा दिवस येते. काय आणू तुमच्यासाठी? इकडचा मायक्रोमीटर आणू, चांगला?

अशोक : काही नको. एका पंपाचे सहा शाफ्ट आलेत, घाईचे नाहीत. ते ठेवतो तोपर्यंत.

उर्वी : कशाला ठेवता?

अशोक : आपला डायल वेगळा आहे, सवय करावी लागेल तुला. पहिल्या दिवशी भंगाराचा तुकडा देईन.

शोभना : ऐकलंस ना ग उर्वी? सहाही शाफ्ट तुझ्यासाठी ठेवताहेत.

उर्वी : हो आई. ऐकतेय. अजून काही, बाबा?

अशोक : येशील तेव्हा केस बांधून ये.